श्रीनाथसाठी ठेवलेल्या बाटल्या

यामिनीला बिअर आवडायची नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे आमच्या स्कोफिल्ड्समध्ये तिची ओळख 'बिअरवाली यामिनी' अशी झाली आणि नव्याने राहायला आलेल्यांना वाटायचं, हा नाद तिचाच. नाद तिच्या नवऱ्याचा होता, श्रीनाथचा. ती फार तर एखादा घोट घ्यायची आणि तोंड वाकडं करायची.

ती मूळची चिंचवडची. इथे परदेशात स्टुडंट म्हणून आली, अकाउंटिंग शिकली, पण नोकरी लागली ब्लॅकटाउनमधल्या एका चष्म्याच्या दुकानात आणि तिथेच ती रमली. श्रीनाथ सांगलीचा. आयटीतला, स्किल्ड व्हिसावर आलेला. लग्न घरच्यांनी ठरवलेलं, पण दोघांचं छान जमलं. मूल झालं नाही. डॉक्टर झाले, उपाय झाले, आणि मग एकदा दोघांनी मिळून तो विषय बंद केला. त्यानंतरच कधीतरी श्रीनाथने गॅरेजमध्ये बिअर करायला सुरुवात केली. मी त्यांच्याच रस्त्यावर पाच घरं पलीकडे राहते. संध्याकाळी यामिनी आणि मी चालायला जायचो, तेव्हा तो हमखास गॅरेजचं शटर वर करून आत काहीतरी धूत बसलेला असायचा.

धुवायचा तो बाटल्या. नव्या बाटल्या विकत घेणं त्याला पटायचंच नाही. "लोक प्यायल्यावर फेकून देतात, त्याच घ्यायच्या की," म्हणायचा. बार्बेक्यू कुणाकडेही असो, निघताना हा रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन निघायचा. त्यातही निवड असायची. पाऊण लिटरची, लांब मानेची, तपकिरी काचेची बाटली सगळ्यात चांगली. तिला इथे लाँगनेक म्हणतात. हिरवी किंवा पांढरी काच नको, उजेडाने बिअर नासते. पिळून उघडायच्या झाकणाची नको, तिच्या तोंडावर पत्र्याचं झाकण दाबून बसवलं तरी नीट धरेल याची खात्री नाही. आत कुणी सिगरेटचं थोटूक टाकलेलं असेल तर ती पहिल्यांदा बाद. उरलेल्या बाटल्या धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून ठेवायच्या, म्हणजे लेबलं आपोआप सुटून वर तरंगतात. यामिनीला त्या पाण्याच्या वासाचीसुद्धा शिसारी यायची.

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत श्रीनाथचे वडील सांगलीत बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन ठरलं आणि श्रीनाथ तीन आठवड्यांची रजा काढून गेला. निघायच्या आदल्या दिवशी त्याने पिंपात नवी बिअर घातली होती. "आंबायला वेळ लागेलच. मी आलो की भरू," म्हणाला.

तो यायच्या आत सगळं बंद झालं. त्याचं विमान रद्द झालं, मग विमानंच रद्द झाली, मग देशाची सीमा बंद झाली. आम्ही पर्मनंट रेसिडेंट, म्हणजे परत यायला मनाई नव्हती, पण यायचं कशाने? आणि इथून जायचं म्हटलं तर सरकारची परवानगी हवी. यामिनी म्हणाली, मी परवानगी मागते, मीच येते तिकडे. तर श्रीनाथने तिला थांबवलं. "तू नको येऊस. गेलीस आणि अडकलीस तर? एक जण तरी घरात हवा." तिला ते पटलं.

गॅरेजमध्ये पिंप तसंच होतं. एक दिवस तिने फोनवर सहज विचारलं, "ह्याचं काय करू? ओतून टाकू?" आणि तिकडे हा एकदम हळवा झाला. "ओतू नकोस गं. मी सांगतो तसं कर."

मग व्हिडिओ कॉलवर तिची शिकवणी सुरू झाली. फोन शेल्फवर टेकवून ठेवलेला, त्यात सांगलीच्या घराची गच्ची, आणि इकडे ही हातमोजे घालून बाटल्या विसळतेय. प्रत्येक बाटलीत मोजून साखर घालायची, कारण त्या साखरेनेच झाकणाखाली गॅस तयार होतो. नळी बाटलीच्या तळापर्यंत घालायची, म्हणजे फेस होत नाही. धुतलेल्या बाटल्या कमी पडल्या तेव्हा तिने फोन बंद केल्यावर स्वतःच्या डोक्याने घरातल्या सफरचंदाच्या रसाच्या चार काचेच्या बाटल्या भरल्या. काचच ती, असं तिला वाटलं. पुढच्या आठवड्यात दुपारी ती घरूनच दुकानाची ऑनलाइन मीटिंग ऐकत बसली असताना गॅरेजमधून ठो असा आवाज आला, मग दुसरा. आत जाऊन बघते तर भिंतीवर काचा रुतलेल्या आणि जमीन चिकट झालेली.

श्रीनाथ इतका हसला की त्याची आई काय झालं म्हणून गच्चीवर आली. "अगं, रसात कुठे गॅस असतो? ज्या बाटलीत कंपनीने गॅसवालं काही विकलं, तीच घ्यायची." उरलेल्या दोन बाटल्या तिने हेल्मेट घालून, अंगावर गोधडी घेऊन बाहेर नेल्या. ते तिने मला करून दाखवलं होतं. बऱ्याच दिवसांत ती तेवढी हसली नव्हती.

त्यानंतर ती चुकली नाही. तिचं कामच मुळी काच उजेडात धरून चरा शोधायचं, त्यामुळे बाटलीच्या तोंडावरचा बारीक टवकाही तिच्या नजरेतून सुटायचा नाही. पलीकडच्या घरातल्या ग्रेग नावाच्या म्हाताऱ्याने तिला हे करताना पाहिलं आणि एका आर्वोला, म्हणजे दुपारी, ढकलगाडीवर दोन क्रेट घेऊन आला. आत जुन्या काळच्या लाँगनेक, आताच्यापेक्षा जाड काचेच्या, हाताला जड लागणाऱ्या. "माझे वडील यातच ब्रू करायचे. अशा आता बनत नाहीत. तुझ्याकडे राहू देत, मेट," म्हणाला. तिने श्रीनाथला त्या फोनवर एकेक करून दाखवल्या.

वर्षभर असं चाललं. रविवारी दुपारी, म्हणजे सांगलीच्या सकाळी, दोघं फोनवर असायची. एक बिअर पिंपात, एक बाटल्यांत, आणि प्रत्येक खेपेतल्या दोन लाँगनेक श्रीनाथसाठी बाजूला. त्यांच्या झाकणांवर ती काळ्या पेनने महिना लिहायची आणि गॅरेजमधल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवायची. आमच्याकडे जानेवारीत उन्हाळा, पत्रा तापून गॅरेजची भट्टी होते. त्या दिवसांत ती कामावर जायच्या आधी त्यांच्यावर ओले टॉवेल टाकून जायची. मी चेष्टा केली तर म्हणायची, "तो आला की सगळ्या ओळीने मांडायच्या. तो नसताना मी काय काय केलं ते त्याला कळू दे."

आणि तो यायची वाट सगळेच बघत होते. सरकारने परतीची विमानं सुरू केली, पण त्यात जागा थोड्या आणि नावं हजारो. श्रीनाथ सांगायचा, नाव नोंदवलंय, म्हातारे आणि आजारी लोक आधी. पुढच्या वेळी सांगायचा, यादीत वर आलोय. त्या पुढच्या वेळी सांगायचा, भरलं. यामिनी सगळं खरं मानायची आणि आम्हीही. न मानायचं कारणच नव्हतं, रोज बातम्यांत तेच होतं.

मोहनकाका आमच्या भागातले जुने, रविवारी सकाळी कम्युनिटी रेडिओवर मराठी कार्यक्रम करतात. ऑक्टोबरमध्ये त्यांनी अडकलेल्यांच्या घरच्यांना बोलवायचं ठरवलं. यामिनी चारचौघांत बोलणारी नाही, आमच्या गणपतीत तिला साधं आभारप्रदर्शन करायला लावलं तरी घाबरायची. पण ती बोलली. माझा नवरा आठ महिने तिकडे आहे, त्याच्यावाचून मला घरात जेवण जात नाही, कुणाची कुठे ओळख असेल तर मदत करा, असं म्हणाली आणि तिला रडू आलं. काकांनी ते तसंच जाऊ दिलं. नंतर ते रेकॉर्डिंग सगळ्या ग्रुपवर फिरलं. खासदाराच्या ऑफिसातून तिला फोन आला. पेंडल हिलच्या वाणसामानाच्या दुकानात अनोळखी बायका तिचा हात धरून "होईल हं सगळं ठीक" म्हणायच्या.

श्रीनाथने तो कार्यक्रम तिकडे ऑनलाइन ऐकला. त्याने मेसेज केला, "छान बोललीस. रडत जाऊ नकोस."

जानेवारीत तिच्याकडे मयूरा आली. मयूराला आम्ही कुणी ओळखत नव्हतो. ती पेंडल हिलची. आईच्या शेवटच्या आजारपणात मिरजेला गेली आणि तिथेच अडकली, श्रीनाथशी ओळखही तिकडेच झाली, सहा वर्षांची मुलगी इकडे नवऱ्याजवळ. डिसेंबरमध्ये विमान मिळालं, डार्विनजवळच्या कॅम्पमध्ये क्वारंटाइन झालं आणि घरी आल्यावर तिने पहिल्यांदा यामिनीचा पत्ता शोधला. येताना घरी केलेल्या चकल्या घेऊन आली होती.

मी तेव्हा तिथेच होते. सीमेच्या बंद काळात श्रीनाथला प्रत्यक्ष भेटून आलेलं आमच्यातलं हे पहिलंच माणूस, म्हणून यामिनीला काय करू नि काय नको असं झालं. ती गॅरेजमध्ये गेली आणि त्याच्यासाठी ठेवलेल्यांतली एक बाटली घेऊन आली. जूनची. "तुम्ही त्याला भेटलात, म्हणजे यातली एक तुमची," म्हणाली. तिने तीन ग्लास भरले.

मयूराने ग्लास घेतला आणि तिचे डोळे भरले. "तुमचे उपकार मी कसे फेडू, मला कळत नाही," ती म्हणाली. "श्रीनाथ देवमाणूस आहे. तिकडे अडकलेल्या आमच्या सगळ्या ग्रुपची रजिस्ट्रेशनं त्यांनीच करून दिली. कुणाला जमायचं नाही. आणि माझ्यासाठी तर स्वतःची सीट सोडली."

यामिनी हसतच होती. "सीट सोडली म्हणजे?"

"त्यांना फोन आला होता ना नोव्हेंबरमध्ये. दिल्लीहून डार्विन. त्यांनी नाही सांगितलं आणि लगेच मला कळवलं, मी नाव काढून घेतोय, तुझा नंबर पुढे आहे, फोन जवळ ठेव. दुसऱ्या दिवशी मला फोन आला." मयूरा डोळे पुसत होती, तिने यामिनीच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. "मी म्हटलं, अहो, पण तुमची मिसेस? तर म्हणाले, यामिनी समजूतदार आहे. आणि मी इतक्यात जाणारही नाहीये, तू जा."

मी यामिनीकडे बघत होते. तिच्या चेहऱ्यावर आधी अभिमान आला, हे मी शपथेवर सांगेन. लहान मुलीच्या आईसाठी आपल्या नवऱ्याने जागा सोडली आणि आपल्याला त्रास नको म्हणून सांगितलंसुद्धा नाही, असं तिला वाटलं. शेवटचं वाक्य तिच्यापर्यंत जरा उशिरा पोचलं.

"इतक्यात म्हणजे?" तिने विचारलं.

"नाही, ते कोल्ड स्टोरेजचं चालू आहे ना," मयूरा म्हणाली. "सीझन तोंडावर आलेला. माझं रजिस्ट्रेशनसुद्धा आम्ही तिथेच बसून भरलं, तासगावला. नेट चांगलं आहे त्यांच्याकडे." मग तिला काहीतरी जाणवलं असावं. ती थांबली. "तुम्हाला माहीतच असेल."

"हो," यामिनी म्हणाली. "घ्या ना चकली."

तिने मयूराला दारापर्यंत पोचवलं, तिच्या मुलीसाठी घरातलं चॉकलेट दिलं, हात केला. मग आत येऊन मला म्हणाली, "शुभदा, जाऊ नकोस." आणि माझ्यासमोरच फोन लावला.

"श्री, तुला नोव्हेंबरमध्ये सीट मिळाली होती?"

फोन स्पीकरवर होता. तो म्हणाला, "कोण म्हणालं?"

"मयूरा येऊन गेली."

"तिची मुलगी लहान होती, यामिनी."

"तिला सीट दिलीस ते चांगलं केलंस. मी ते विचारत नाहीये. तुला मिळाली होती हे मला का सांगितलं नाहीस?"

"बाबांना सोडून निघवेना."

"बाबा जुलैपासून काठीशिवाय चालतात. तूच व्हिडिओ पाठवलास."

मग तो हळूहळू बोलायला लागला. विनय म्हणून त्याचा शाळेतला मित्र, त्याचं तासगावला बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज. सुरुवातीला तिथे कॉम्प्युटर बसवून द्यायचं तेवढं काम होतं. मग विनयने विचारलं, भागीदारीत येतोस का. इकडची नोकरी त्याने सप्टेंबरमध्येच सोडली होती. यामिनीला त्याने सांगितलं होतं की कंपनीने बिनपगारी रजा दिली आहे.

"मला इथे बरं वाटतं," तो म्हणाला. "सकाळी उठल्यावर कामाला जावंसं वाटतं. तिकडे तसं नव्हतं."

"कधीच नव्हतं?"

"कधीच असं नाही."

"मग सांगायचंस."

"दर रविवारी ठरवायचो गं. पण फोन लावला की तू बाटल्या दाखवायला लागायचीस. ही तुझी, ही पण तुझी. मी काय सांगणार?"

यामिनीने विचारलं, "मी रेडिओवर रडले ते तू ऐकलंस?"

"हो."

"पूर्ण?"

"हो."

तिने फोन ठेवला. ती रडली नाही. सिंकपाशी जाऊन मयूराचा ग्लास धुवायला लागली आणि पाठमोरीच म्हणाली, "यायचं नाही हे मी पचवलं असतं गं. भांडले असते, पण पचवलं असतं. मी लोकांच्या हातापाया पडत होते, माझा नवरा आणून द्या म्हणून. आणि हा तिकडून म्हणाला, छान बोललीस."

पुढच्या रविवारी तिने मला बोलावलं. कोपऱ्यातल्या त्याच्या बाटल्या तिने गॅरेजच्या ओट्यावर आणून ठेवल्या होत्या. पिंपात नवी बिअर तयार होती आणि भरायला बाटल्या कमी होत्या. मला वाटलं ती फोडणार. पण ती एकेक झाकण काढून मोरीत ओतायला लागली. एप्रिलची ओतली, मेची ओतली. जूनची दुसरी बाटली उघडल्यावर तिने वास घेतला आणि थांबली. "ही चांगली झाली होती," म्हणाली. मग आम्ही दोघींनी उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसून ती प्यायली, थंड न करता. एरवी तोंड वाकडं करणारी बाई, तिने तिचा ग्लास संपवला. त्यानंतरच्या सगळ्या ओतून टाकल्या आणि दुपारभर बाटल्या धूत बसली. झाकणांवर नावं नव्हतीच, नुसते महिने होते. ती झाकणं तिने कचऱ्यात टाकली.

तिने हे कुणाला सांगितलं नाही आणि मीही नाही. रविवारचे फोन बंद झाले. तो मेसेज करायचा, ती बिलांपुरतं उत्तर द्यायची. तिच्या मनात होतं की जरा सावरलं की आपणच लोकांना सांगून टाकू.

तेवढ्यात एप्रिल आला. तिकडे माणसं ऑक्सिजनअभावी मरायला लागली आणि इकडे सरकारने भारतातून येणारी विमानंच थांबवली, आपल्याच नागरिकांनासुद्धा. सगळे खवळले. मोहनकाकांचा यामिनीला लगेच फोन. "रविवारी येतेस ना? तुझी केस सगळ्यांना माहीत आहे. आता गप्प बसायचं नाही."

"काका, मी नाही येणार."

"का? घाबरू नकोस. आम्ही आहोत."

तेव्हा तिने त्यांना खरं सांगितलं. श्रीनाथ अडकलेला नाही, त्याला जागा मिळाली होती, त्याने ती सोडली.

काका माणूस वाईट नाहीत. पण त्यांनी जे म्हटलं ते ती विसरली नाही. "यामिनी, तुझं दुःख मी समजतो. पण हे आत्ता बाहेर बोलू नकोस. सरकारवाले म्हणतील, बघा, हे लोक अडकलेले नाहीतच, मजेत आहेत तिकडे. जे खरंच अडकलेत त्यांचं नुकसान होईल. थोडे दिवस कळ काढ."

हे खोटं नव्हतं, म्हणून तिला नाही म्हणता आलं नाही. तिने कळ काढली. श्रीनाथच्या खोट्यावर आता तिलाच पांघरूण घालावं लागलं. मे महिन्यात त्याला कोविड झाला. त्याच्या बहिणीने कळवलं, तेव्हा यामिनी आठवडाभर फोन उशाशी घेऊन बसली, ऑक्सिजन किती, ताप किती, विचारत राहिली. तो बरा झाल्यावर त्याने लिहिलं, "तू होतीस म्हणून धीर आला." तिने तो मेसेज मला दाखवला आणि विचारलं, "याचं मी काय करायचं?"

मग आमच्याकडे मोठा लॉकडाउन लागला. आमचा भाग तर जास्तच कडक, घरातून निघायला कारण हवं, वरून पोलिसांचं हेलिकॉप्टर. त्या काळात लोकांनी यामिनीवर माया केली. कुणी डबा ठेवायचं, कुणी फुलं. आणि तिला बाटल्या लागतात हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे घरोघरी प्यायलेल्या बिअरच्या बाटल्या धुऊन, पुसून, पिशव्यांत घालून लोक तिच्या ड्राइव्हवेवर ठेवून जायचे. वर चिठ्ठ्या. 'श्रीनाथ भाऊजी लवकर येवोत.' 'Stay strong, Yamini.' एका चिठ्ठीवर लहान मुलाने विमान काढलं होतं. ती दार उघडायची, पिशवी आत घ्यायची, आणि दूर उभं राहून हात करणाऱ्याला हात करायची.

"शुभदा, हे सगळे मला फसवतायत असं वाटतं," ती एकदा मास्कच्या आडून म्हणाली. "म्हणजे मीच त्यांना फसवतेय. पण वाटतं उलटंच."

नोव्हेंबरात सीमा उघडली. त्याच आठवड्यात दिवाळी. आम्ही तळ्याकाठच्या पार्कमध्ये जमलो, किती दिवसांनी माणसं एकमेकांना बघत होती. कुणाचे आईवडील यायचे होते, कुणाचा नवरा. साहजिकच कुणीतरी विचारलं, "यामिनी, श्रीनाथ कधीचं तिकीट काढतोय?"

ती हातातली प्लेट खाली ठेवून म्हणाली, "तो येणार नाही. त्याला मागच्या वर्षीच सीट मिळाली होती. त्याने सोडली. त्याला तिकडेच राहायचं आहे."

मोहनकाका समोर होते, ते खाली बघायला लागले. मग एक बाई, जिने लॉकडाउनमध्ये चार वेळा बाटल्या आणून ठेवल्या होत्या, ती म्हणाली, "पण तू तर रेडिओवर सांगत होतीस." दुसरीने हलक्या आवाजात विचारलं, "काही भांडण झालं होतं का तुमचं आधी?" तिसरा एक जण म्हणाला, माणूस उगाच असं करत नाही. संध्याकाळपर्यंत अर्ध्या लोकांचं मत झालं होतं की यामिनीने सगळ्यांच्या भावनांशी खेळ केला. मी भांडले. तिने मला बाजूला नेलं आणि म्हणाली, "राहू दे. घरी जाऊ." त्यानंतर ड्राइव्हवेवर बाटल्या यायच्या बंद झाल्या. एकट्या ग्रेगने आपल्या बाटल्या आणणं सोडलं नाही. त्याला आमच्या गटाचं काही ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी त्याने आणल्याच असत्या असं मला वाटतं.

श्रीनाथ पुढच्या वर्षी मार्चमध्ये आला, पंधरा दिवसांसाठी. पॅरामाटाला एका जुन्या सहकाऱ्याकडे उतरला. घराच्या कागदांवर सह्या झाल्या, वकील झाले. आपलं सामान न्यायला तो आला तेव्हा मी तिथे नव्हते, पुढचं यामिनीकडूनच ऐकलेलं. तो बारीक झाला होता, उन्हाने रापला होता, आणि खरंच बरा दिसत होता. तो बरा दिसतोय याचाच तिला जास्त राग आला.

त्याने पुस्तकं घेतली, स्वेटर घेतले. मग गॅरेजमध्ये उभा राहून भरलेल्या बाटल्यांच्या रांगांकडे बघत म्हणाला, "तू अजून करतेस?"

"हो."

"मला वाटलं, तू माझ्यासाठी करत होतीस."

"मलाही वाटलं होतं."

त्याने एक जड लाँगनेक उचलली, उजेडात धरली. "एक उघडू?"

"नको," ती म्हणाली.

त्याने ती जागेवर ठेवली. जाताना म्हणाला, "मी तुला दुखवायला काही केलं नाही, यामिनी. मला फक्त सांगता आलं नाही." ती म्हणाली, "दर रविवारी सांगता आलं नाही." त्याने मान हलवली आणि टॅक्सीत बसला.

घर विकलं. यामिनी आता पेंडल हिलला स्टेशनजवळच्या युनिटमध्ये, म्हणजे फ्लॅटमध्ये, राहते. गॅरेज नाही, त्यामुळे बिअर थोडी करते, कपडे धुवायच्या खोलीत मावेल तेवढी. मयूरा तिथून चालत जायच्या अंतरावर आहे. मयूराला बिचारीला अजून वाटतं की तिच्यामुळे संसार मोडला. यामिनीने तिला अनेकदा सांगितलं, तू बोलली नसतीस तर मी अजून टॉवेल ओले करत बसले असते. दोघींची चांगली मैत्री आहे.

पण एक गोष्ट तिच्यात बदलली ती बदललीच. मागच्या महिन्यात मी तिच्याकडे जेवायला निघाले होते. ब्लॅकटाउनला ट्रेन रद्द झाली, मला तासभर उशीर झाला. मी दारातच सॉरी म्हटलं, कारण सांगितलं. "नो वरीज, ये," म्हणत तिने मला आत घेतलं, पाणी दिलं. मी चप्पल काढून वळले तर ती ओट्याशी उभी राहून फोनवर ट्रेनचं ॲप बघत होती. माझं लक्ष गेलेलं तिच्या लक्षात आलं.

"तुझ्यावर विश्वास नाही असं नाही गं," ती म्हणाली. "मी नुसतं बघते."

तिने ॲपमध्ये पाहिलं, ट्रेन खरंच रद्द झाली होती. मग फोन बाजूला ठेवून तिने पानं घेतली.